पायलट, पण बदलीचा

मला पाहायला पायलट येणार, ही बातमी आमच्या लाइनीत सगळ्यांना माझ्या आधी कळली. हिंगणघाटला मिलच्या मागे कामगारांच्या घरांच्या रांगा होत्या, त्यातल्या एका रांगेत आम्ही राहत होतो. एका घरात मिरचीची फोडणी पडली की शेजारच्या घरातला माणूस शिंकायचा, तिथे बातमी कसली लपते! मी शाळेतून घरी येत होते, तर नळावरच्या बाया माझ्याकडे बघून आभाळाकडे बोट दाखवत होत्या आणि पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मला वाटलं, पाऊस येतोय म्हणून सांगताहेत. मी छत्री उघडली. त्या आणखीच हसल्या.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी तिथल्या तिथे छत्री मिटली आणि विचारलं, "काय दात काढून राह्यल्या वो?" तेव्हा कळलं.

आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता. मी बी.ए., बी.एड. होऊन गावातल्याच शाळेत शिकवत होते. बाबा मिलच्या साचेखात्यात माग चालवायचे आणि कामगार युनियनचे सेक्रेटरी होते. सेक्रेटरीपण ते गेटवर ठेवून येत नसत, घरी आणत. भाजीत मीठ कमी पडलं तर "हरकत नोंदवून घ्या" म्हणत. मी नवी साडी मागितली की माझी मागणी 'विचाराधीन' व्हायची. आई म्हणजे मालकपक्ष. आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात मालकपक्ष हरलेला मी एकदाही पाहिला नाही.

स्थळ आणलं होतं माझ्या शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी. मुलगा त्यांच्या बहिणीचा, हिंगणी गावच्या शेतकरी घरातला. त्या घरात त्याच्या आधी कुणी बंडीपेक्षा, म्हणजे बैलगाडीपेक्षा, उंच कशावर चढलं नव्हतं, झाडं सोडून. हा मात्र सरकारी शिष्यवृत्तीवर नागपूरच्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकला आणि मुंबईला एका विमान कंपनीत को-पायलट म्हणून लागला.

"को-पायलट म्हणजे?" आईने विचारलं.

"मुख्य पायलट असतो ना, त्याच्या बाजूला बसतो," मोठ्या बाई म्हणाल्या.

"म्हणजे क्लीनर," आई म्हणाली.

मोठ्या बाईंनी चहा अर्धा तसाच ठेवला, पण स्थळ मागे घेतलं नाही. एवढ्यावरून त्यांची सहनशक्ती समजा.

पाहायला यायच्या दिवशी सगळी लाइन ओट्यांवर उभी होती. का कोण जाणे, निम्मे लोक वर बघत होते. पायलट आला तो सायकलरिक्षातून, गुडघे हनुवटीला टेकवून, बाजूला धोतर-टोपीतले वडील आणि मांडीवर संत्र्यांची थैली. लाइनीचा फार हिरमोड झाला. "टोपी नाई घातली काऊन?" असं एका आजोबांनी त्याला वाटेतच अडवून विचारलं. "सुट्टीवर आहे," तो म्हणाला. आजोबांचं समाधान झालं नाही.

मी सांबारवडी घेऊन बाहेर गेले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि त्या वडीत आई मिरची अशी घालायची की पाहुणा परत यायचं ते विचार करून यायचा. ह्याने पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं. दुसरा कुणी असता तर पाण्यासाठी बोंबलला असता. ह्याने नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आणखी एक मिळेल?" मी तिथेच ठरवलं. हाच. आता दुसरा कुणी दाखवाल तर याद राखा.

पण ठरवणार होते बाबा. त्यांच्या शेजारी जॉबरकाका बसले होते. हे बाबांचे जिवलग मित्र आणि साचेखात्याचे जॉबर. रोज सकाळी गेटवर कुणाला आत घ्यायचं ते हेच ठरवत. त्यामुळे जगातला कुठलाही माणूस समोर आला की ते त्याच्याकडे, ह्याला आत घ्यावा की परत पाठवावा, अशाच नजरेने बघायचे.

"पगार कसा आहे?" बाबांनी विचारलं.

मुलाच्या वडिलांनी आकडा सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी हात वर केला. "आकडा नोका सांगू. आकडा कोनीबी सांगते. पगाराची बांधणी सांगा."

मुलगा सावरून बसला. मुलगी पाहायला गेल्यावर असा प्रश्न येईल याची तयारी त्याने केली नसावी. "मूळ पगार ठरलेला असतो," तो म्हणाला. "त्यावर उडण्याचा भत्ता. जितके तास विमान चालवलं तितक्या तासांचा."

"तास कवापासून मोजते? घरून निघाल्यापासून?"

"नाही. विमानाची चाकं हलली की मोजायला सुरुवात, थांबली की बंद."

"अन् पाशिंजर चढून राह्यले, सामान भरून राह्यलं, तुमी आत बसून घाम पुसून राह्यले, त्याचे?"

"त्याचे नाहीत."

"लुटून राह्यले रे तुमाले!" जॉबरकाकांनी मांडीवर थाप मारली. ते स्वतः गेटवरचे माणूस, पण दुसऱ्या गेटवरचा अन्याय त्यांना लगेच दिसायचा.

बाबा तर खूशच झाले. "आमचंबी तसंच. माग चालला तर पैसे. धागा तुटला, माग उभा, की आमीबी उभे. बोनस?"

"त्याचा वाद चालू आहे."

"वा!" बाबा म्हणाले. वाद चालू आहे म्हटल्यावर त्यांना मुलगा एकदम घरचा वाटायला लागला. आत दाराआड उभी राहून मी मनात मांडवसुद्धा घालून टाकला.

"महिनाभर रोज उडता?" बाबांनी सहज विचारलं.

"नाही. काही दिवस स्टँडबाय असते. म्हणजे घरीच तयार होऊन, कपडे घालून, फोनपाशी बसायचं. कुणी आजारी पडलं, कुणी आलंच नाही, तर कंपनी बोलावते."

"अन् सगळे आले तर?"

"मग नाही बोलावत. मूळ पगार मिळतो, पण त्या दिवशीचा हवेतला भत्ता नाही."

जॉबरकाकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जॉबरकाकांकडे पाहिलं. मग जॉबरकाका फार दुःखाने म्हणाले, "बदली."

"नोकरीत कायम झाले का?" बाबांनी आवाज खाली आणून विचारलं.

"अजून नाही. व्हायचं आहे," मुलगा म्हणाला. खोटं बोलायची अक्कलच नव्हती त्याला.

मग बाबांनी हात जोडले. "घर चांगलं आहे, पोरगा चांगला आहे. पन बदलीले पोरगी देत नाई आमी."

आता बदली म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्ही बाबांना वेड्यात काढाल. तेव्हा मीही काढलं होतं. मिलमध्ये काही कामगार कायम असायचे आणि काही बदली. बदलीवाल्याने रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं. भोंगा झाला की जॉबर बाहेर येणार, कोण कोण आलं नाही ते बघणार, आणि तेवढ्याच बदलीवाल्यांना बोट दाखवून आत घेणार. बाकीचे परत घरी. काम नाही तर त्या दिवशीचा पगार नाही.

बाबांनी कितीतरी वर्षं बदलीत काढली होती. गेटजवळच्या मारुतीपुढे ते रोज हात जोडायचे. आईला वाटायचं, नवरा घरादाराचं भलं मागतो. एकदा बाबांनीच हसत कबूल केलं, की ते मागायचे, "मारुतीराया, कोनीतरी आजारी पडू दे. लय नाई, आजच्या दिवसापुरता." आणि आई तर त्यांच्यावर वरताण. कुणाचाही माणूस कामाला निघाला की बायको "या बरं" म्हणते. आमची आई दारात उभी राहून ओरडायची, "येऊ नोका बरं!" कारण बाबा लवकर परत आले, म्हणजे काम मिळालं नाही. बदलीवाल्यांच्या सगळ्याच बाया असं म्हणायच्या, पण आईचा आवाज पार चौकात जायचा. बाबा परत येत नाहीत हे नक्की होईपर्यंत ती चूलही पेटवायची नाही. आले तर पेज, नाही आले तर भात.

हे सगळं मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मी भांडले. पाहुणे वळणावर दिसेनासे होतात न होतात तोच मी बाहेर आले.

"बाबा, तो विमान चालवते! त्याच्या मूळ पगारात आपली अर्धी लाइन जेवन!"

"मूळ पगाराचं नोको सांगू मले. उद्या म्हनतीन सगळेच ठणठणीत आहेत, तू घरी बस. मंग?"

"मंग मी शिकवते ना! माही नोकरी कायम आहे!"

यावर बाबांनी समिती नेमली. प्रत्यक्ष पाहणी करायची ठरली. समितीत बाबा आणि जॉबरकाका. मी हट्ट धरून तिसरी झाले. नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जाऊन पायलट लोकांना कामावर कसं घेतात ते डोळ्यांनी बघायचं.

पहाटेच्या एसटीने आम्ही गेलो. विमानतळ तेव्हा छोटासा होता. जॉबरकाका सरळ फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि चौकीदाराला म्हणाले, "भाऊ, बदलीवाले कोठी उभे राह्यते?"

"कौन बदलीवाले?"

"पायलट. बदली पायलट. जॉबर कितीले बाहेर येते?"

चौकीदाराने आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यहाँ कोई जॉबर नहीं है," तो म्हणाला. जॉबरकाकांना ते फार लागलं. जॉबर नाही तर माणसं आत सोडतं कोण, या काळजीने ते त्या फाटकापुढे येरझारा घालत राहिले. शेवटी चौकीदारानेच त्यांना स्टूल दिलं.

आता आमचं नशीब बघा. मुंबईचं विमान उतरलं, शिडी लागली, लोक उतरले, आणि सगळ्यांच्या मागून टोपीबिपी घालून कोण उतरावं? तोच! बाई गं, काय दिसत होता! पांढरा सदरा, खांद्यावर पट्ट्या. मी हातातली छत्रीच घट्ट धरली. फाटकापलीकडे आम्ही दिसलो तशी त्याने धावतच येऊन बाबांना नमस्कार केला.

बाबांनी आशीर्वाद दिला नाही. विचारलं, "आज कायम का बदली?"

अरे बाबा, एवढं एकदा खोटं बोलला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं? पण नाही. "आज बदलीच," तो म्हणाला. "ज्याची पाळी होती त्याचं पोट बिघडलं. सकाळी फोन आला."

"पाह्यलं?" जॉबरकाका स्टुलावरून उठले. समितीचं काम संपलं. येताना एसटीत मी दोघांशी एक शब्द बोलले नाही. बुटीबोरीला त्यांनी माझ्यासाठी भजी घेतली, ती मी खाल्ली, पण बोलले नाही.

त्यानंतर घरात माझा असहकार सुरू झाला. दुसरी दोन स्थळं आली. एकापुढे मी गेलेच नाही, दुसऱ्याला आईच्या वडीवर वरून ठेचा वाढला. मोठ्या बाई शाळेत म्हणाल्या, "तोही दुसरी मुलगी बघायला नाही म्हणतो." मला इतका आनंद झाला की त्या तासाला मी कुणालाच रागावले नाही. वर्गाने मला बरं वाटतंय का म्हणून विचारलं.

मग दिवाळीनंतर पायलट लोकांचं आणि कंपनीचं बिनसलं. उडण्याचे तास, विश्रांतीचे तास, भत्ता, यांवरून बोलणी फिसकटली. पायलट म्हणाले, नियमाबाहेर एक मिनिट उडणार नाही. कंपनीने सांगितलं, मग येऊच नका, आणि दारं बंद केली. बातमी रेडिओवर लागली तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "टाळेबंदी!" ते म्हणाले. पुरणपोळी म्हणावी तसे म्हणाले.

दोन-चार दिवसांत, एका दुपारी, तो आमच्या दारात उभा. एसटी स्टँडवरून पायी आलेला, बुटांवर धूळ. बाबा आणि जॉबरकाका ओट्यावरच होते. मी आत वह्या तपासत होते. आवाज ऐकला आणि कुणाला किती मार्क दिले ते मला आजही माहीत नाही.

"बाबा," तो म्हणाला, "आमच्यात कुणीच आधी हे केलेलं नाही. तुम्ही केलंय. म्हणून आलो."

बाबांनी त्याला चटई दिली. बदलीच्या माणसाला पोरगी देत नव्हते, पण टाळेबंदीतल्या माणसाला चटई देणारच. "गेटवर किती जन बसता?"

"आम्हाला गेट नाही."

"गेट नाई?" जॉबरकाका हादरले. आधी जॉबर नाही, आता गेट नाही. "मंग बसता कोठी?"

"हॉटेलात बैठक असते. चहा-बिस्किटं असतात."

"घोषणा?"

"निवेदन देतो."

बाबांनी कपाळावर हात मारला. बिस्किटं खाऊन कुणी लढा जिंकलाय का! त्यांनी तिथल्या तिथे त्याला घोषणा करून दिली. "हवेत आमचा घाम गळते, जमिनीवर मालक पळते!" आणि जोरात म्हणून दाखवली. शेजारचे दोघे-तिघे साथ द्यायला आलेही.

"वर घाम येत नाही, थंड असतं," तो म्हणाला.

"गप बस. घोषणेत थंडी चालत नाई." मग बाबा गंभीर झाले. "एक ध्यानात ठेवजो. मालक पहिले बदलीवाल्याइले फोडते. त्याइले म्हणते, तुले कायम करतो, आत ये. ते गेले की बाकीचे ढासळतेत. म्हणून बदलीवाल्याइले सांभाळजो."

तो खाली बघत होता. "मला बोलावून झालं," तो म्हणाला.

आत माझा हात थांबला.

"काल बोलावलं. म्हणाले, सही कर, उद्यापासून उड. लगेच कायम करतो." त्याने मान वर केली आणि त्याचं ते पुस्तकी बोलणं पार गळून पडलं. हिंगणीचं बोलणं बाहेर आलं. "बाबा, तुमी म्हटलं होतं का बदलीले पोरगी देत नाई. सही केली तर मी कायम होतो. आता तुमीच सांगा मले. करू का?"

बाबांचं तोंड उघडंच. लाइनीतले ते दोघे-तिघे घोषणेसाठी हात वर करून आले होते, त्यांचे हात तसेच राहिले. माझं सगळं आयुष्य त्या ओट्यावर पडलं होतं. बाबा 'कर' म्हणाले, तर लग्न होणार होतं, पण साथीदारांना सोडून आत गेलेल्या माणसाशी, आणि ते बाबांच्या तोंडून. 'करू नको' म्हणाले, तर तो बदलीचा बदलीच, उद्या कदाचित तोही नाही. राग असा आला होता की कुणावर काढू ते कळत नव्हतं. मी वह्यांचा गठ्ठा घेतला आणि धाडकन जमिनीवर आपटला.

"माह्यासाठी सही करशीन तर पाह्य!" मी आतून ओरडले. "मीच नाई करत लग्न!"

म्हणजे माझ्याच पायावर मीच धोंडा टाकला. आमचा स्वभावच तो.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिठाचे हात. ओट्याच्या दारात उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "सांगा ना त्याले. तुमालेबी बोलावलं होतं ना?"

बाबा चटईकडे बघायला लागले.

"मी सांगतो मंग," आई म्हणाली. आमच्याकडच्या बाया कधी कधी 'सांगतो' म्हणतात, आणि तसं म्हणाल्या की समजावं, आता काही खरं नाही. "मोठा संप झाला तवा हे बदलीत होते. याइले म्हटलं, आत ये, कायम करतो. मी पेज पिऊन राह्यली होती अन् ही पोरगी पोटात होती. हे गेले नाई. अन् गेले असते, तर मी पोरगी घेऊन माहेरी गेली असती." मग तिने पदराने नाक पुसलं, नाकाला पीठ लागलं. "अन् काय हो, बदलीले पोरगी देत नाई म्हणता? माह्या बापानं कोनाले देल्ली होती?"

इतकी वर्षं घरात राहून हे मला माहीत नव्हतं. बाबा खाली मान घालून चटईच्या काड्या उपटत बसले होते. जॉबरकाका दुसरीकडे बघत होते, कारण त्या संपात गेटवर उभं राहून बदलीवाल्यांना आत कोण बोलावत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी बाबांनी घसा खाकरला. "सही करू नोको," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "अन् पोरगी घेऊन जाय. लय बोंबलते."

मालकपक्ष पुन्हा जिंकला होता. तो ओट्यावर बसल्या बसल्या हसला आणि आईला म्हणाला, "सांबारवडी आहे का?"

लग्न टाळेबंदी चालू असतानाच झालं. आमच्या लाइनीची एक रीत होती, की गेट बंद असलं तर कुणाच्या घरी बँड वाजवायचा नाही. गेट मुंबईच्या विमान कंपनीचं का असेना! मी रडले, भांडले, बँड विचाराधीनसुद्धा झाला नाही. मग वरात निघाली ती घोषणा देत. पुढे जॉबरकाका, "पायलट एकजुटीचा", मागे अख्खी लाइन, "विजय असो!" हिंगणीचे वऱ्हाडी आधी बावरले, पण मोठ्या बाईंनी मूठ वर केली आणि मग तेही ओरडायला लागले. नवरदेवाने घोड्यावर बसून हात जोडले तेव्हा रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, हा निवडणुकीला उभा आहे. दोघांनी त्याला मत द्यायचं कबूलही केलं.

पुढे तडजोड झाली, दारं उघडली, सही न केलेल्यांना घेतलं. तो कायम झाला, पण रांगेने, आपल्या पाळीने. स्टँडबाय मात्र सुटली नाही, ती कायम झाल्यावरही असते. हे मी बाबांना पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

मग एकदा आई-बाबा मुंबईला आमच्याकडे राहायला आले आणि नेमका त्याचा स्टँडबायचा दिवस निघाला. सकाळपासून तो पांढरा सदरा घालून फोनपाशी बसलेला. बाबांनी ते पाहिलं, खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. एक बदलीवाला नोकरीतला, एक जुना. थोड्या वेळाने बघते, तर बाबांनी भिंतीवरच्या मारुतीच्या कॅलेंडरपुढे हात जोडलेले.

"काय मागून राह्यले?" मी विचारलं.

"सगळ्या पायलटांची पोटं साबूत ठेव म्हणतो," बाबा म्हणाले. "बसू दे पोराले घरी."

मारुतीने याही वेळी ऐकलं नाही. फोन वाजला. तो उठला, टोपी घातली, बॅग घेतली आणि दारात वळून म्हणाला, "येतो."

आई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गोळाभाताचे बेसनाचे गोळे वळत होती. माणूस कामावर निघाला एवढंच तिने ऐकलं आणि जुन्या सवयीने, तशाच चौकात जाणाऱ्या आवाजात ओरडली, "येऊ नो..."

तिथेच तिने तोंडावर हात धरला. बेसन सगळं गालाला. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग ती तशीच, अनवाणी, जिन्यापर्यंत धावली आणि कठड्यावरून वाकून ओरडायला लागली. जावयाला अहो-जाहो करतात हेसुद्धा ती विसरली. "येजो रे बापू! लवकर येजो! जेवाले येजो!" सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली.

"मले नाई म्हटलं असं कधी," बाबा म्हणाले.

"तुमी कोठी वर जात होते?" ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

त्या दिवशी तिने गोळाभात शिजवून झाकून ठेवला आणि तो परत येईपर्यंत कुणाला पानावर बसू दिलं नाही. बाबांनी हरकत नोंदवली. मालकपक्षाने ती फेटाळली.